नाव झाकावे, वेळ नोंदवावी

लाल विंचवाचा दंश कोकणाला नवा नाही. त्याच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये एकदम बाहेर पडतात. दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी साचू शकते. रायगड जिल्ह्यात, सावित्रीकाठच्या महाडला डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले. त्यांची निरीक्षणे १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढचा प्रश्न असा : प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले, तर रुग्ण लवकर बरा होतो का? त्यांनी ७० रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, ३५-३५ चे दोन गट केले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही औषधे मिळालेल्या ३२ जणांची लक्षणे १० तासांत पूर्ण ओसरली. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८ जणांची.

अशा आकड्यांमागे नोंदी असतात. ३५ जणांच्या गटात एक रुग्ण म्हणजे जवळजवळ ३ टक्के. औषधाची वेळ दुसऱ्या दिवशी आठवून लिहिली, तर नऊ तासांचे अकरा होतात आणि रुग्ण चुकीच्या रकान्यात जातो. म्हणून कोणत्याही चाचणीत नोंद खाटेजवळ, त्याच वेळी आणि सर्वांसाठी एकाच नमुन्याच्या पत्रकावर करावी लागते. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही. न घेतलेली नोंद अंदाजाने भरायची नाही. मध्येच घरी गेलेला रुग्णही यादीतून गाळायचा नाही. समजा, गुण न आलेलेच निघून गेले, तर उरलेल्यांवरून औषध उगाच गुणकारी ठरेल.

दुसरी जबाबदारी रुग्णाच्या खासगीपणाची. विंचूदंशाची काही लक्षणे चारचौघांत सांगण्याजोगी नसतात. पत्रकावर नावाऐवजी क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी, कुलपात राहते. पण एवढ्याने भागत नाही. 'वय ६२, अमुक वाडी, अमुक तारखेला दंश' एवढे वाचून गावात कोणीही त्या माणसाला ओळखेल. म्हणून निष्कर्ष छापताना वाडीऐवजी जिल्हा आणि तारखेऐवजी 'दंशानंतर किती तास' एवढेच द्यावे. तुलनेला तेवढे पुरते.

हे वर्गात करून पाहता येईल. दहा विद्यार्थ्यांची संमती घेऊन त्यांची बसलेले असताना आणि जिना चढल्यावर नाडी मोजा. नोंदी क्रमांकाने करा, नावांची यादी पाकिटात बंद करा. मग वय, उंची आणि गावाचे रकाने वाढवून दुसऱ्या वर्गाला पत्रक दाखवा. किती जण ओळखू येतात? कोणता रकाना गाळला तरी नाडीचा निष्कर्ष तोच राहतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.