चुन्याची रेघ आणि यंत्राची नजर

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला मात्र बहुधा नमुना आठचाच आधार, आणि तो घरपट्टीपुरता. घराची हद्द शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणीत. ती कागदावर आणण्यासाठी गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. महाराष्ट्रात पहिली चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना टाकतात, तो वरून रेघ दिसावी म्हणून.

छायाचित्रातली अशी रेघ संगणक कशी ओळखतो? त्याच्यापुढे चित्र नसतं, आकडे असतात: 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. अर्विन सोबेल यांनी 1968 मध्ये मांडलेली रीत तीन बाय तीनच्या चौकटीने चित्र चाळते. डाव्या रांगेला उणे 1, 2, 1 आणि उजव्या रांगेला अधिक 1, 2, 1 असं वजन. डावीकडे माती 90 आणि उजवीकडे चुना 230 असेल, तर उत्तर 560. नुसती माती असेल, तर शून्य. फरक मोठा तिथे कड.

पण माती कुठेच एकसारखी नसते. खडे, पालापाचोळा यांच्याही कडा उमटतात. जॉन कॅनी यांनी 1986 मध्ये यावर नेटका उपाय दिला. आधी चित्र किंचित पुसट करायचं, मग फरक मोजायचा, जाड रेघ एका ठिपक्याइतकी बारीक करायची. शेवटी दोन मर्यादा: ठळक कड ठेवायची, फिकी कड ठळक कडेला जोडलेली असेल तरच ठेवायची. त्यामुळे मधेच पुसटलेला चुनाही सलग राहतो.

तरीही ही नजर फक्त उजेडातला फरक जाणते. लिंबाची सावली तिला भिंतीइतकीच खरी. पत्र्याची वळचण भिंतीच्या पुढे आलेली असली, तर वरून पत्र्याची कड दिसते, भिंतीची नाही. दोन भावांच्या सलग अंगणातली वाटणी तर दिसतच नाही. म्हणूनच नकाशा तयार झाल्यावर गावात पडताळणी होते, हरकती ऐकल्या जातात, मग मिळकत पत्रिका आणि सनद.

कड शोधणं हे यंत्राचं काम. हद्द ठरवणं माणसांचं. चुना पडताना दोन्ही शेजारी जागेवर उभे असले पाहिजेत. तिथे एकमत झालं, तर पुढचे किती तरी कज्जे टळतील.