पिचकारीचे पिस्तूल

रंगपंचमीला मुले खेळतात ती प्लॅस्टिकची पिस्तूल-पिचकारी पडद्यावर खरे शस्त्र कशी ठरते? प्रथम पाण्याचे भोक व सांधा लांबीने बुजवून, पॉलिशपेपरने घासून, अस्तराचा हात देतात. मग काळा रंग. खरी करामत पुढेच आहे. शस्त्र झिजते ते कडांवर; म्हणून जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रुपेरी रंग कडांवरच फिरवतात. पोटात लोखंडाचे तुकडे भरतात, कारण हलकी वस्तू नटाच्या मनगटावरून ओळखू येते. डोळा आकारापेक्षा झिजेवर आणि वजनावर विश्वास ठेवतो.

हा खटाटोप कशासाठी? १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात खऱ्या पिस्तुलाच्या नळीत अडकलेली गोळी फुसक्या बाराने सुटली आणि ब्रँडन ली हा नट प्राणास मुकला. पिचकारीत हे भय नाही, दुसरे आहे. तिला रस्त्यावर पाहणाराही फसतो. अमेरिकेने १९८८च्या कायद्याने खेळण्यातल्या पिस्तुलांच्या तोंडाशी नारिंगी खूण सक्तीची केली. तरी २०१४ साली क्लीव्हलंड येथे, ती खूण नसलेले खेळण्यातले पिस्तूल जवळ असलेला १२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. म्हणून चित्रीकरण संपताच या पिचकारीची जागा एकच : कुलूपबंद पेटी.