आधी वेग, मग वळण, नाव शेवटी

क्रिकेटवर पोसलेल्या नजरेला बेसबॉल सुरुवातीला एकसुरी वाटतो. चेंडू टप्पा घेत नाही, पिचर धावत येत नाही. एका जागी उभा राहून तो फेकतो आणि बॅटर बॅट फिरवतो किंवा चेंडू सोडून देतो. फेकींमधले भेद दिसू लागले की हा एकसुरीपणा संपतो. ते भेद शिकताना मात्र बहुतेक जण फास्टबॉल, स्लायडर, कर्व्हबॉल अशी नावं पाठ करायला घेतात आणि लवकरच गोंधळतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी वेगातला फरक टिपावा, मग वळणाची दिशा पाहावी आणि नाव शेवटी जोडावं. कारण खुद्द पिचरही बॅटरला फसवतो तो याच फरकाच्या जोरावर.

पिचर आणि बॅटरजवळची होम प्लेट यांच्यातलं अंतर १८९३ पासून ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर आहे. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. फोर-सीम फास्टबॉल उलटा फिरत जातो, त्यामुळे हवा त्याला थोडं उचलून धरते आणि तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. बॅटरला चेंडू वर उसळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो खालीच येत असतो. कर्व्हबॉलची फिरकी नेमकी उलट: चेंडू हातातून सुटताच किंचित वर चढल्यासारखा दिसतो आणि मग झपकन खाली जातो. वेगात आणि वळणात स्लायडर या दोघांच्या मधला. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरपासून दूर सरकतो. चेंजअपमध्ये हात फास्टबॉलइतक्याच जोरात फिरतो, पण पकड वेगळी असल्याने चेंडू साधारण १५ किलोमीटरने संथ येतो आणि बॅट आधीच फिरून जाते. सिंकर, कटर, स्प्लिटर ही पुढची नावं या चौघांशी ताडून पाहिली की सहज समजतात.

हा फरक किती निर्णायक ठरतो, ते २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्यात दिसलं. मायामीत जपान अमेरिकेविरुद्ध ३-२ ने पुढे होता. शेवटच्या डावात दोन बाद झाल्यावर जपानचा पिचर शोहेई ओहतानी याच्यासमोर अमेरिकेचा माइक ट्राउट, एंजल्स या क्लब संघातला त्याचाच तेव्हाचा सहकारी, उभा राहिला. ओहतानीने ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचे फास्टबॉल लागोपाठ टाकले. तीन बॉल, दोन स्ट्राइक अशी स्थिती आल्यावर त्याने सुमारे १४० किलोमीटर वेगाचा स्वीपर, म्हणजे आडवा जास्त सरकणारा स्लायडर, टाकला. फास्टबॉलच्या वेगाला सरावलेल्या ट्राउटने बॅट फिरवली, चेंडू बाहेर सरकत गेला, तिसऱ्या स्ट्राइकवर ट्राउट बाद झाला आणि जपान जिंकला. ती शेवटची फेक एकटी पाहिली तर नुसतंच सुंदर वळण दिसतं. आधीच्या फास्टबॉलसह पाहिली तर त्यामागचा डाव कळतो.

यावर कोणी म्हणेल, फेकीचं नाव आणि वेग पडद्यावर येतोच, मग डोळ्यांना त्रास कशाला? शिकताना त्या माहितीचा आधार जरूर घ्यावा. पण ती फेक झाल्यावर येते आणि बॅटर का चुकला, हे सांगत नाही. शिवाय नावं स्थिरही नसतात: मेजर लीगच्या स्टॅटकास्ट यंत्रणेत स्वीपर २०२३ पासूनच वेगळा गणला जाऊ लागला, त्याआधी अशा फेकी बहुधा स्लायडरमध्येच मोडत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढ्या वेगात नवख्या डोळ्याला दिसणार तरी काय, त्यातून टीव्हीचा कॅमेरा बहुधा पिचरच्या पाठीमागे जरा बाजूला असल्याने वळणही फसवं दिसतं. इथे बॅटरकडे पाहावं. त्याची बॅट लवकर फिरली तर फेक अपेक्षेपेक्षा संथ होती आणि उशिरा फिरली तर वेगवान, असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

म्हणून नवख्या प्रेक्षकाने एका सामन्यात एकच पिचर निवडावा. पहिल्या डावात त्याचा फास्टबॉल किती वेगाने येतो तेवढंच पाहावं आणि पुढची प्रत्येक फेक त्याच्याशी ताडून बघावी. स्लायडर की स्वीपर, याचं उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. दोन स्ट्राइक झाल्यावर आता संथ फेक येईल, एवढं आधी ओळखता आलं की प्रेक्षक पिचरच्या बरोबरीने विचार करू लागलेला असतो.