आधी माप, मग आग

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या नळ्या जोडलेल्या वेल्डरला क्रोम-मॉली पोलादाची ओळख करून द्यावी लागत नाही. 540 अंशांची वाफ वाहणाऱ्या नळ्यांत क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं. हाताने बांधलेल्या चांगल्या सायकलची फ्रेमही याच घराण्यातली. 4130 नावाच्या पोलादात साधारण 1 टक्का क्रोमियम आणि 0.2 टक्के मॉलिब्डेनम असतं. मोठा फरक जाडीचा. बॉयलरची नळी काही मिलिमीटर जाड, तर सायकलची मधल्या भागात अनेकदा अर्धा-पाऊण मिलिमीटर. इतक्या पातळ नळीवर डिस्क ब्रेकचा कान, म्हणजे डिस्कला पकडणारा कॅलिपर बांधायची पट्टी, बसवायची, तर हात आणि हिशोब दोन्ही पक्के हवेत.

डिस्क ब्रेकचा उपयोग आपल्या भागात पावसाळ्यात कळतो. तापीकाठची काळी माती रिमला आणि ब्रेकच्या रबरी ठोकळ्यांना चिकटून बसते, ब्रेक दाबला तरी चाक पुढे सरकतं. डिस्क चाकाच्या मधोमध, चिखलापासून बरीच वर असते. सातपुड्याच्या उतारावर ओल्या रस्त्यातही ती भरवशाने धरते.

पण या ब्रेकचा भार येतो कुठे, हे आधी समजून घ्यावं. टायरची त्रिज्या सुमारे 340 मिलिमीटर. 160 मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड मध्यापासून सुमारे 72 मिलिमीटरवर पकड घेतात. म्हणजे रस्त्यावर टायरला 20 किलोचा अडसर झाला, तर कॅलिपरवर जवळपास 95 किलोचा ओढा येतो. तोही एकट्या डाव्या बाजूला. रिम ब्रेकचा भार वरच्या बाजूला, दोन्ही नळ्यांत वाटला जातो. डिस्कचा भार एक्सलजवळच्या डाव्या नळ्यांनाच झेलावा लागतो. म्हणून कान आणि नळ्या यांचा विचार एकत्रच करायचा.

घरगुती कारखान्यात सगळ्यात सोयीचा तो आयएस पद्धतीचा कान. पोलादी पट्टीचा सपाट तुकडा, त्यात 51 मिलिमीटर अंतरावर दोन साधी भोकं. आटे कॅलिपरच्या किंवा अ‍ॅडॅप्टरच्या अंगात असतात, त्यामुळे फ्रेमवरचे आटे खराब होण्याची भीती नाही. डिस्क केवढी लावायची हे मात्र आधीच ठरवावं. अ‍ॅडॅप्टर घालून पुढे मोठी डिस्क बसते. कान दूर बसवला, तर लहान डिस्क बसत नाही.

कान मागच्या त्रिकोणाच्या आत, चेनस्टे (खालची आडवी नळी) आणि सीटस्टे (वरची तिरपी नळी) यांच्या बेचक्यात बसवला, तर भार दोन्ही नळ्यांत विभागतो. सीटस्टेवर बसवायचा असेल, तर दोन्ही नळ्यांमध्ये एक छोटी आडवी नळी जोडावी. कानाची टोकं निमुळती घासावीत. जाड पट्टी जिथे एकदम संपते, तिथेच पातळ नळीला तडा सुरू होतो.

आता माप. सगळी मापं एक्सलपासून घ्यायची, नळीपासून नव्हे. ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे एक्सल बसतो त्या खाचांमध्ये, 135 मिलिमीटरचा डमी एक्सल घट्ट आवळावा, म्हणजे तापल्यावर खाचा जवळ येणार नाहीत. त्यावर भोकांची जागा दाखवणारी पट्टी बसवून कान तिला बोल्टने बांधावा. मग खरं चाक आणि कॅलिपर लावून पाहावं: डिस्क नळीला घासत नाही ना, बोल्टपर्यंत पाना पोहोचतो ना, टाच आपटत नाही ना. कान आणि नळी यांच्यात फट दिसली, तर कानशीने घासून बसवावी. मोठी फट पितळाने भरून काढू नये.

मग आग. पितळी डाग सुमारे 900 अंशांवर वाहतो, चांदीचा 700 च्या आत. सांधा लख्ख घासून त्या डागाला चालणारा फ्लक्स लावावा आणि आधी दोन टाके देऊन माप पुन्हा घ्यावं. डाग थंड होताना आकसतो आणि कानाला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून थोडा डाग या बाजूने, थोडा त्या बाजूने. मे महिन्यात जीव नकोसा झाला तरी त्या वेळी कूलर बंद ठेवावा, पाणी तर मुळीच मारू नये. पातळ क्रोम-मॉली झपाट्याने थंड झालं की सांध्याशेजारी कडक आणि ठिसूळ होतं. हाताला सोसेल इतकं निवल्यावर कोमट पाण्यात फ्लक्स धुऊन काढावा, चकाकी उतरली की सांधा भिंगातून पाहावा.

शेवटी कानाचा बसणारा पृष्ठभाग एक्सलला काटकोनात घासून सपाट करावा. रंग दिल्यावर तिथला रंगही काढावा. डावं-उजवं मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं, तर अ‍ॅडॅप्टरवर बसणाऱ्या कॅलिपरच्या लांबट भोकांत भागतं. कललेला कान भागत नाही, तो पॅड तिरपे झिजवतो.

जुन्या सायकलच्या पुढच्या चिमट्यावर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे सगळा भार एकाच पायावर येतो, आणि तो पाय त्यासाठी बनवलेला नसतो. डिस्कसाठीच बांधलेला चिमटा घ्यावा.

मग चाक लावा, कॅलिपरमागे पांढरा कागद धरा आणि चाक फिरवा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना कागदाची बारीक, सारखी रेघ दिसली, की समजावं कान आपल्या जागी बसला.