झुनैरा की झिन्नीरा? नाव ठेवण्याआधी एवढं वाचा

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांमध्ये झुनैरा हे नाव अधूनमधून कानावर येऊ लागलं आहे. आयेशा, फातिमा, मरियम यांच्याइतकं ते रुळलेलं नाही, आणि काही पालकांना ते नेमकं त्यासाठीच आवडतं. वर्गात दुसरी झुनैरा नको! पण अकीक्याच्या दावतीत कुणीतरी विचारतंच, ‘अर्थ काय याचा?’ मग मोबाईलवरून उत्तर मिळतं, ‘जन्नतचं फूल’.

ऐकायला छान आहे, पण त्याला आधार नाही. अरबीत फुलाला झहरा म्हणतात, गुलाबाला वर्द. झे, नून, रे या धातूखाली शब्दकोशात बारीक खडे असा अर्थ आहे. कमरेच्या पट्ट्याला ‘झुन्नार’ म्हणतात तोही याच धातूचा.

मग या नावाचं मोल कशात आहे? ते ज्या स्त्रीचं होतं, तिच्यात. हजरत झिन्नीरा (रजि.) मक्केत गुलाम होत्या. चरित्रग्रंथांत त्यांना ‘रूमिया’, म्हणजे रूमकडच्या, म्हटलं आहे. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांचा छळ झाला. हजरत अबू बकर (रजि.) यांनी ज्या गुलामांना विकत घेऊन आझाद केलं त्यांत हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर त्यांचंही नाव येतं. आझाद झाल्यावर त्यांची नजर गेली. कुरैश म्हणू लागले, लात आणि उझ्झानेच हिचे डोळे नेले. त्यांनी ठणकावून सांगितलं की लात-उझ्झा कुणाचं भलंही करू शकत नाहीत आणि वाईटही. पुढे अल्लाहने त्यांची नजर परत दिली, असं इब्न हिशाम यांच्या सीरतमध्ये आहे.

आता उच्चार. उर्दू-अरबीत हे नाव झेर-झबर-पेशशिवाय लिहिलं की नुसतं झे, नून, ये, रे आणि शेवटचा हे दिसतो. हुमैरा, उमैर, उबैद यांची सवय असलेला माणूस ते सहज ‘झुनैरा’ वाचतो. पण इब्न हजर अस्कलानी (वफात हिजरी ८५२) यांनी ‘अल-इसाबा’मध्ये हा उच्चार शब्दांत लिहून ठेवला आहे: पहिल्या अक्षराला झेर, नूनवर तश्दीद आणि त्यालाही झेर. म्हणजे झिन्नीरा.

मराठीत आणखी एक गंमत होते. आपला ‘झ’ दोन तऱ्हांनी बोलला जातो. झुणका, झाड, झोप यांतला झ अरबी ‘झे’च्या जवळ आहे. झिम्मा, झेंडा यांतला तसा नाही. त्यामुळे मराठी शाळेतल्या बाई ‘झुनैरा’ बरोबर म्हणतील, पण ‘झिन्नीरा’ म्हणताना झिम्म्यातला झ येणार. त्यांची चूक नाही, भाषेचं वळणच तसं आहे. घरी मुलीला खरा उच्चार शिकवा, बाईंना एकदा म्हणून दाखवा, पुरे.

ज्यांच्या मुलीचं नाव आधीच झुनैरा आहे त्यांनी घाबरून बदलायला धावू नये. पैगंबर (सल्ल.) यांनी नावं बदलली ती प्रामुख्याने वाईट अर्थाची. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचं नाव ‘आसिया’ होतं, ते बदलून जमीला ठेवलं. हे ऐन आणि सुआदचं, म्हणजे ‘नाफर्मान’. फिरऔनच्या बायकोचं ‘आसिया’ वेगळं, ते सीनचं आहे आणि बेधडक ठेवता येतं. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून उर्दू अक्षरं विचारून घ्यावीत. झुनैरात असला वाईट अर्थ नाही. नवं नाव ठेवत असाल तर मात्र माझं मत झिन्नीराच्या बाजूने.

कोणतंही ठेवा, स्पेलिंग पहिल्याच दिवशी पक्कं करा. आपल्याकडे जन्मदाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं. मराठीत झ पाहून इंग्रजीत कुणी झेड लिहितो, कुणी जेएच, आणि आधारवर एक, शाळेत दुसरं अशी भानगड होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी अशा कामांना जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी द्यायलाच हवं असं नाही. ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क नोंदवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा दोन दिवस जास्त घ्या, मौलानांना विचारा आणि अर्जावर इंग्रजी अक्षरं स्वतःच्या हाताने लिहा.