ट्रेड रास्त आहे का, हे मोजायचं कसं?

अमेरिकन फँटसी फुटबॉलमध्ये दोघांनी खेळाडूंची अदलाबदल केली की बाकीचे लगेच पॉइंट्सची बेरीज करतात आणि ‘ही तर लूट आहे, व्हेटो करा!’ म्हणून ओरडतात. पण नुसत्या बेरजेत काही अर्थ नाही.

समजा, १२ टीमची लीग आहे. प्रत्येकजण एक क्वार्टरबॅक आणि दोन रनिंग बॅक खेळवतो. (पुढचे आकडे सोयीसाठी घेतलेत.) तुमचा क्वार्टरबॅक सीझनला ३२० पॉइंट्स देतो, समोरच्याचा रनिंग बॅक २४०. मोलाचा कोण? आता तेरावा क्वार्टरबॅक बघा, म्हणजे कुणालाच न लागणारा, जवळजवळ फुकटात मिळणारा. तो देतो २७०. पंचविसावा रनिंग बॅक मात्र १३०. म्हणजे तुमचा माणूस पर्यायापेक्षा ५०ने पुढे, त्याचा ११०ने! शिवाय रनिंग बॅक लोक बेंचवर दडवून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात टंचाई आणखी जास्त.

तरीही हा ट्रेड रास्त असू शकतो बरं का. समोरच्याकडे तीन तगडे रनिंग बॅक असतील, तर तिसरा बहुतेक आठवडे बेंचवरच बसणार. म्हणून दोघांचीही मैदानात उतरणारी टीम ट्रेडच्या आधी आणि नंतर मांडून बघा. दोघांचा फायदा होत असेल तर व्हेटो कशाला? स्पर्धेतून बाद झालेला एखादा आपल्या मित्राला खेळाडू बहाल करत असेल, तेव्हा मात्र जरूर अडवा. आणि हिशेब त्या दिवशीच्या माहितीवरच करायचा. पुढच्या रविवारी कुणाचा गुडघा गेला, तर तो यात धरायचा नाही.