सरी, आळे आणि ठिबक

शेतीच्या परिभाषेत पाणी देण्याच्या रीतीबरोबरच ते पाणी कोणास द्यावयाचे याविषयीची एक कल्पनाही साठविलेली असते. प्रस्तुत लेखात ‘सरी’, ‘आळे’ आणि ‘ठिबक’ या तीन शब्दांच्या आधारे उसाचे ठिबक सिंचन व लागणीतील अंतर यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

ऊस हे रायगडच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या) किनाऱ्याचे मुख्य पीक नव्हे. तथापि चौल, नागाव, आक्षी या अष्टागरातील गावांच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत या विषयाचे मूलतत्त्व पूर्वीपासून नांदत आहे. रहाटाच्या गाडग्यांनी उपसलेले पाणी पाटाने वाहत येई आणि झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खोलगट आळ्यात थांबे. संस्कृतातील ‘आलवाल’ शब्दाचा अर्थही हाच. आळे एका झाडाचे असते. सरी मात्र शेताची असते. सरी-वरंब्याच्या पद्धतीत पाणी जमिनीस मिळते व जमिनीकडून उसास. त्यातील काही भाग ओळींमधील उघड्या जमिनीवरून वाफ होऊन जातो, तर काही मुळांच्या खाली झिरपतो.

‘ठिबक’ हा शब्द ‘ठिबकणे’ या क्रियापदाच्या धातूवरून आलेला आहे. ‘तुषार सिंचना’तील तत्सम नामाशी तुलना केली असता त्याचे घरगुती स्वरूप तत्काळ ध्यानात येते. ठिबक म्हणजे आळ्याचेच तत्त्व नळीच्या साहाय्याने उसाच्या ओळीस लावणे होय.

परंतु नळी अंथरल्याने काम पुरे होत नाही. समजा, उसाच्या ओळी एकसारख्या ११२.५ सें. मी. अंतरावर आहेत. हेक्टरी ओळींची एकूण लांबी सुमारे ८,८८९ मीटर भरते आणि प्रत्येक ओळीस एक याप्रमाणे तेवढीच नळी लागते. आता दोन ओळी ७५ सें. मी. अंतरावर जवळ आणून पुढे १५० सें. मी.चा पट्टा मोकळा सोडला, तर ओळींची लांबी तीच राहते. पण जोडीच्या मध्ये एकच नळी पुरत असल्यामुळे ती ४,४४४ मीटर, म्हणजे निम्मी, लागते. शिवाय मोकळ्या पट्ट्यातून ऊन व हवा खेळते, आंतरपीक घेता येते व पाचटाचे आच्छादन करता येते. यालाच जोडओळ पद्धत म्हणतात.

जोडीतील अंतर किती असावे हे मातीवर अवलंबून असते. भारी काळ्या जमिनीत ओलावा आडवा पसरतो. किनाऱ्यावरील रेताड जमिनीत तो अरुंद राहून खोल उतरतो. म्हणून देशावरील मोजमाप पुळणीच्या जमिनीस जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. तेथे छिद्रे अधिक जवळ आणि पाण्याच्या पाळ्या थोड्या पण वारंवार असाव्या लागतात.

किनाऱ्यावर या काटकसरीस आणखी एक कारण आहे. गोडे पाणी भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीवरील गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने कायमची उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा सिद्धान्ततः सुमारे ४० मीटर वर सरकते. त्यामुळे वाजवीपेक्षा अधिक उपसा करणाऱ्यास त्याची विहीरच उत्तर देते. देशावरील कालव्याच्या पाण्यात अशी तत्काळ शिक्षा नाही. तेथे वाचलेले पाणी पुन्हा नव्या उसाखाली गेले, तर शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल; खोऱ्याचे पाणी मात्र वाचणार नाही. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने उसास टप्प्याटप्प्याने ठिबक अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. त्याचा विचार करताना हा भेद दृष्टीआड होता कामा नये.

सारांश, ठिबकाने पाणी झाडापर्यंत नेमके पोहोचते आणि योग्य अंतराने ते कमी खर्चात पोहोचते. उरलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र नळी सोडवीत नाही. तो समाजानेच सोडवावयाचा आहे.